आधी वही, मग रील: गोव्यातला घरगुती धंदा मोबाइलवर कसा आणायचा

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आईचा फोन विहिरीत पडला. पंप चालू होत नव्हता म्हणून ती वाकून बघत होती आणि फोन कमरेला खोचलेला, झालं. फोनचं एवढं वाईट वाटलं नाही, तसाही तो जुनाच होता, पण त्या फोनात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, ऑर्डरी होत्या. नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, शिवाय चकल्या, लाडू, कोणी शंभर सांगितलेल्या कोणी अडीचशे, कोणाला खोबऱ्याच्या कोणाला रव्याच्या, सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये आणि वेगळं लिहिलेलं कुठेच काही नाही. मी म्हटलं घाबरू नकोस, बॅकअप चालू केलेला आहे मी स्वतः. त्याच नंबरचं नवीन सिम आणलं, नव्या फोनवर सगळं बसवलं, आणि बॅकअप निघाला फेब्रुवारीचा! गुगलची जागा भरली होती म्हणून फेब्रुवारीपासून बॅकअप गेलाच नव्हता, आणि तसा मेसेज रोज येत होता तो आई रोज बाजूला सारत होती. मग काय, आठवेल तसं एकेकाला फोन. दोन घरी डबे दोनदा गेले, आणि फोंड्याच्या एका मावशींकडे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच गेलं नाही. त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी बसून सगळं नीट लावलं. मी पणजीला नोकरी करते, घर डिचोलीला, आई आणि काकी मिळून सोलं म्हणजे सुकवलेली कोकमं, आगळ म्हणजे कोकमाचा रस, मसाला, आंब्याची साठं, लोणचं आणि चवथीचं खाणं असं करतात. मला कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नाही, पण पुढे ओळखीतल्या बऱ्याच जणींना हे असंच लावून दिलं आणि एक गोष्ट सगळीकडे तीच दिसली, ती म्हणजे लोक उलटीकडून सुरू करतात. आधी इन्स्टाग्राम, मग लोगो, मग भाच्याकडून रील, आणि खरोखर ऑर्डर आली की ती लिहायची कुठे ते कोणालाच माहीत नाही. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, रील सगळ्यात शेवटी आहे.

धंद्याचा नंबर वेगळा, जीमेल वेगळा

पहिलं काम, घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळे करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप आहे, २०१८ साली आलं, फुकट आहे, आणि नंबर वेगळा असेल तर साध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या शेजारी त्याच फोनवर चालतं. दोन सिमचा फोन असेल तर प्रश्नच नाही. दुकान असेल आणि जुना ०८३२ वाला, म्हणजे गोव्याच्या कोडचा, लँडलाइन अजून चालू असेल तर तोही लावता येतो, कोड मेसेजने येण्याऐवजी फोन करून सांगतात, तेव्हा फोनजवळ उभं राहायचं एवढंच. जुन्या गिऱ्हाइकांना तो नंबर पाठ असतो, त्यामुळे मला ही युक्ती फार आवडते.

दुसरं, धंद्यासाठी एक नवीन जीमेल उघडा, आणि तो घरच्या माणसाच्या हातात ठेवा. हे मी मुद्दाम ठासून सांगते कारण आमच्या वाड्यावरच घडलंय. एका काकूंच्या काजूच्या धंद्याचं सगळं शेजारच्या एका हुशार मुलाने करून दिलं, पेज, मॅपवरची जागा, सगळं त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर. मुलगा चांगलाच होता हो, पण पुढे तो बोटीवर लागला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर समुद्रावर. सहा महिने दुकानाची वेळ बदलता येईना. तेव्हा करून कोणीही देऊ दे, अकाउंट तुमच्या नावावर, रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरलात तर परत मिळवायला, नंबर तुमचा, आणि पासवर्ड एका कागदावर लिहून कपाटात दागिन्यांच्या डब्यात. कागदावर लिहू नका म्हणून सांगणारे भेटतील, त्यांना म्हणावं आईला पाठ करून दाखवा.

आता व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये काय काय लावायचं. पत्ता, वेळ आणि दोन ओळींत तुम्ही काय करता ते भरा. मग कॅटलॉग. एकेका वस्तूचा फोटो, वजन, आणि भाव. भाव लिहा! ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ हे मला अजिबात पटत नाही, बाजारात मिरचीच्या ढिगाजवळ बसलेली बाई भाव विचारला तर कानात सांगते का? लोक विचारत नाहीत, पुढे जातात.

फोटोसाठी कॅमेरा लागत नाही. सकाळी आठ-साडेआठला बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागेत, किंवा ओसरीवर जिथे थेट ऊन नाही पण उजेड भरपूर आहे तिथे ठेवा, खाली साधं पांढरं कापड किंवा केळीचं पान, आणि फोटो काढायच्या आधी फोनची काच पदराने पुसा. आईच्या फोनवरचे सगळे फोटो धुकं पडल्यासारखे यायचे, आम्ही फोन बदलायला निघालो होतो, काचेवर खोबरेल होतं.

लेबलं वापरा. एखादं चॅट दाबून धरलं की त्याला ‘नवीन ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’ अशी रंगाची खूण लावता येते, आणि संध्याकाळी नुसतं ‘पैसे बाकी’ उघडलं की कोणाला आठवण करायची ते समोर. तसंच क्विक रिप्लाय, म्हणजे तेच तेच उत्तर एकदा लिहून ठेवायचं आणि तिरकी रेघ (/) मारून ‘भाव’ एवढं लिहिलं की अख्खी यादी येते. काकीला सुरुवातीला ते जमेना, आता ती काकांनाही घरी काय आणायचं त्याची यादी तशीच पाठवते.

एकच नंबर दोघींनी सांभाळायचा असेल तर लिंक्ड डिव्हाइस आहे, मुख्य फोन सोडून आणखी ४ ठिकाणी तेच व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि मुख्य फोनची बॅटरी गेली तरी चालतं. फक्त मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त बंद राहिला तर बाकीचे आपोआप बाहेर पडतात. आमच्याकडे फोन आईकडे, टॅब काकीकडे, आणि मी पणजीहून बसमध्ये बसून बघत असते.

क्लाऊड म्हणजे काय ते आईला असं सांगितलं

तिने विचारलं क्लाऊड म्हणजे नक्की ठेवतात कुठे. मी म्हटलं बँकेचं पासबुक पावसात भिजलं म्हणून खात्यातले पैसे जातात का? तसंच, हिशोब तिकडे, आपल्या हातातला फोन हे नुसतं पासबुक. फोन विहिरीत पडू दे नाहीतर चोरीला जाऊ दे, दुसऱ्या फोनवर तोच जीमेल टाकला की वही परत समोर. तिला ते पटलं, फक्त तिने विचारलं की मग फेब्रुवारीत काय झालं होतं, आणि त्यावर मला गप्प बसावं लागलं.

तर वही. गुगल शीट्स फुकट आहे, फोनवर चालतं. मोठमोठी अ‍ॅपं असतात बिलाची आणि स्टॉकची, ती वाईट नाहीत, पण रोज दहा-वीस ऑर्डरींच्या धंद्याला एक शीट पुरते असं माझं मत. रकाने एवढेच करा: तारीख, नाव, फोन, गाव, काय, किती, रक्कम, पैसे आले का, कधी द्यायचं, शेरा. शेरा फार कामाचा. ‘तिखट कमी’, ‘मुलगा पुण्याहून येतो तेव्हा’, ‘डबा परत आणणार’ असलं सगळं शेऱ्यात जातं आणि पुढच्या वर्षी चवथीला तुम्ही त्या बाईंना न विचारता तिखट कमी टाकता, तेव्हा ती बाई दुसरीकडे जात नाही.

टाइप करायचा कंटाळा येतो, बरोबर आहे, हात पिठाचे असतात. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी निवडली की बोललेलं लिहिलं जातं. आई चुलीसमोरून ओरडते ‘नेवऱ्या दोनशे साखळी गुरुवार’, साखळी हे जवळचं गाव, आणि नव्वद टक्के बरोबर येतं. नेवऱ्याचं कधी कधी ‘नवऱ्या’ होतं, दोनशे नवऱ्या साखळीला पाठवायच्या, त्यावर घरात अजून हसतात.

शीट करताना तीन गोष्टी लगेच करा. एक, काकीला, वहिनीला, जिला लिहायचं आहे तिला शेअर करून एडिटर करा, बाकीच्यांना नुसतं बघायला द्या. दोन, शीटच्या मेनूमध्ये ऑफलाइन ठेवायची सोय आहे ती चालू करा, कारण पावसात वीज गेली की राउटर गेला, आणि सत्तरी तालुक्याच्या कोपऱ्यात तर मोबाइलची रेंजही जाते. ऑफलाइन लिहिलेलं नेट आलं की आपोआप वर जातं. तीन, कोणी चुकून काही उडवलं तर रडत बसू नका, कॉम्प्युटरवर शीट उघडून व्हर्जन हिस्टरी बघा, काल संध्याकाळी शीट कशी होती ते जसंच्या तसं परत आणता येतं. माझ्या पुतण्याने एकदा गेम समजून अख्खा फोन नंबरचा रकाना पुसला होता, दोन मिनिटांत परत आला.

आणि आता ती जागेची भानगड. गुगल प्रत्येक अकाउंटला १५ जीबी फुकट देतं, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसतं, आणि २०२१ च्या जूनपासून फोटोही त्यात मोजतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही पूर्वी वेगळा धरायचे, २०२४ पासून तोही ह्याच १५ जीबीत. म्हणजे सकाळचे गुलाबाचे शुभ प्रभात, लग्नाचे व्हिडिओ, आणि तुमच्या चवथीच्या ऑर्डरी एकाच कपाटात. महिन्याच्या एक तारखेला हे करा: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन मोठ्या फाइल आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या दाखवतात त्या पुसा, मग चॅट बॅकअप उघडून शेवटचा बॅकअप कधीचा आहे ती तारीख डोळ्यांनी वाचा. चालू आहे की बंद हे बघू नका, तारीख बघा. धंद्याचा जीमेल वेगळा ठेवायचं हेही एक कारण, त्यात लग्नाचे व्हिडिओ येत नाहीत.

शेवटचं ह्यातलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ६ आकडी पिन ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप पळवतात हल्ली. कोणीतरी गोड बोलून ‘चुकून तुमच्या फोनवर कोड आला, जरा सांगता का’ म्हणतं, सांगितलं की नंबर त्याचा, आणि तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ‘अडचण आहे, दहा हजार पाठवा’ असे मेसेज जातात. कोड कोणालाही सांगायचा नाही, बहिणीलासुद्धा नाही.

मॅपवर दुकान

हे लोक करतच नाहीत आणि इथेच सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त मिळतं. गुगल बिझनेस प्रोफाइल, पूर्वी ह्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे. फुकट. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत असेल किंवा तुम्ही स्वतः जाऊन पोचवत असाल तर घेता येतं, नुसता कुरियरचा धंदा असेल तर नाही. घरूनच करत असाल आणि पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर पत्ता लपवून फक्त ‘डिचोली, साखळी, म्हापसा’ असा भाग टाकता येतो. खरं आहे हे दाखवायला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, बोर्ड आणि आतलं काम असं एका दमात दाखवायचं. बोर्ड नसेल तर आधी बोर्ड करा.

पिन स्वतः हाताने धरून बरोबर घराच्या छपरावर ठेवा. आपल्याकडचे पत्ते कसे असतात तुम्हाला माहीत आहे, हाऊस नंबर अमुक, वाडा तमुक, देवळाच्या मागे. पिन थोडी सरकली तर माणूस नदीच्या पलीकडे पोचतो आणि फेरीबोटीची वाट बघत तुम्हाला फोन करतो.

आणि वेळ! दुपारी दीड ते चार आपण बंद असतो, मग ते तसं लिहा, सकाळची वेळ वेगळी आणि संध्याकाळची वेगळी अशा दोन वेळा एका दिवसाला टाकता येतात. मुंबईचा माणूस तीन वाजता येऊन कडी वाजवतो आणि मग एक स्टार देतो, त्याची चूक नाही, मॅपवर उघडं दिसत होतं. चवथ, गावची जत्रा, शिगमो ह्या दिवसांची स्पेशल वेळ आधीच टाकून ठेवा. रिव्ह्यू वाईट आला तर त्याच दिवशी उत्तर लिहू नका, रात्र जाऊ दे, सकाळी दोन ओळी. विकतचे रिव्ह्यू घेऊ नका, वाचणाऱ्याला कळतं.

पैसे

यूपीआय २०१६ साली आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसलेल्या आजीच्या टोपलीलाही क्यूआर लटकलेला असतो. त्यामुळे कसं लावायचं ते सांगत बसत नाही. फसवणुकीचं सांगते.

एक बँक खातं फक्त धंद्याचं ठेवा, त्याचाच क्यूआर. कोणी स्क्रीनशॉट पाठवला म्हणजे पैसे आले असं नाही, स्क्रीनशॉट बनवता येतो, आपल्या खात्यात बघा किंवा काउंटरवर पैसे आले की बोलून सांगणारा डबा, साउंडबॉक्स, ठेवा. दुसरा प्रकार आमच्या काकीबरोबर झाला तो असा की एका माणसाने फोन करून सांगितलं मी आर्मीत आहे, कँटीनसाठी वीस किलो काजू पाहिजेत, पैसे आगाऊ देतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील. काकी खूश, वीस किलो! स्कॅन केलं तर फोनने पिन मागितला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मला फोन लावला. लक्षात ठेवा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. पैसे देतो म्हणून पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे जाणार. आणि समजा गेलेच तर लाजून बसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या सरकारी नंबरला त्याच क्षणी फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवून धरायची शक्यता जास्त.

रात्री जेवणानंतर पाच मिनिटं खातं आणि शीट शेजारी ठेवून जुळवा. आठवड्याने जुळवायला गेलात तर ‘हे साडेतीनशे कोणाचे’ ह्यावर अर्धा रविवार जातो.

कागदपत्रं, थोडक्यात

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआय ह्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं, घरून केलं तरी. फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर ऑनलाइन होतं, १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा, बरोबर वजन, किंमत, कधी बनवलं आणि तुमचा पत्ता-फोन.

जीएसटीत एक गंमत आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही असं सगळे ऐकून असतात, पण ती सूट राज्यातल्या विक्रीला. करपात्र माल गोव्याबाहेर विकला, म्हणजे इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन पुण्याला मसाला कुरियर केला, की रक्कम कितीही छोटी असली तरी रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. मोबाइलने गिऱ्हाईक राज्याबाहेर नेलं, त्याबरोबर हेही आलं. बाहेर पाठवायला सुरुवात करायच्या आधी सीएकडे एक तास बसा. आणि फेणीचं कोणी कितीही विचारू दे, कुरियरमध्ये घालायची नाही, दारूचे कायदे वेगळे, परवान्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आता रील

आता कुठे इन्स्टाग्राम. इथे माझं म्हणणं लोकांना आवडत नाही पण सांगते. नाचायची गरज नाही, चालू गाणं लावायची गरज नाही, शिवाय बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळतही नाहीत. तुमच्या घरात जे काम चालतं तेच लोकांना बघायचं असतं, विशेषतः गोव्याबाहेर गेलेल्या आपल्या माणसांना.

आमची सगळ्यात चाललेली रील सोलांची. एप्रिल-मे महिन्यात भिंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात, काकी अंगणात बसून ती फोडते, बिया वेगळ्या, सालं वेगळी, मग सालं त्याच रसात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात, असं करत करत ती काळी पडत जातात. मी काय केलं, फोन एकाच जागी पाटाला टेकवून रोज सकाळी आठ सेकंदं घेतली, सूप तेच, जागा तीच. सातव्या दिवशी सगळे तुकडे जोडले, लाल सालं हळूहळू काळी होताना दिसतात, आवाज फक्त मागे कावळ्याचा आणि काकीच्या बांगड्यांचा. खाली लिहिलं, पाव किलोचा भाव, नंबर, आणि ‘पुरुमेताच्या आधी सांगा’, पुरुमेत म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायची बेगमी. त्यातून ज्या ऑर्डरी आल्या त्या दुबईत राहणाऱ्या मुलींच्या, इथे आईकडे पोचवा म्हणून. त्याआधी भाच्याने केलेल्या रीलला लाइक कितीतरी जास्त होते, ऑर्डर एक.

जाहिरातीला पैसे घालायचे तर थोडेच आणि जागा नीट निवडून. मी एकदा पाचशे रुपये घालून पोस्ट वर ढकलली आणि जागेत नुसतं ‘गोवा’ टाकलं, तर मेसेज आले बीचजवळ रूम आहे का, स्कूटर भाड्याने मिळेल का. आता पिन टाकून घराभोवतीचे काही किलोमीटर एवढंच निवडते, आणि चवथीच्या आधीचे दोन आठवडे किंवा मे महिना ह्याशिवाय पैसे घालतच नाही.

वस्तूची खरी ओळख असेल तर ती सांगा. काणकोणच्या खोला मिरचीला २०२० साली जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, बेबिंक ह्या थराथरांच्या गोड पदार्थाला आणि मानकुराद आंब्याला २०२३ साली. मसाल्यात खरंच खोलाची मिरची असेल तर तसं लिहा, नसेल तर अजिबात लिहू नका, गोव्याचं गिऱ्हाईक रंगावरून ओळखतं.

रीलवरून आलेल्या प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आणा, नंबर शीटमध्ये लिहा, आणि ‘आमचा नंबर सेव्ह करा’ म्हणून सांगा. ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय, केली तरी ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, स्टेटसचंही तसंच. ग्रुप करू नका. काकीने एकदा सगळ्या गिऱ्हाइकांना न विचारता एका ग्रुपमध्ये घातलं, तासाभरात अर्धे गेले आणि उरलेल्यांतल्या एकाने आपल्या प्लॉटची जाहिरात टाकली. आणि नंबर शीटमध्ये का, तर २०२१ साली ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम पाच-सहा तास बंद पडलं होतं, आपल्याकडे रात्रीची वेळ होती म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे नंबर दुसरीकडे होते ते साधा फोन करू शकले.

पाठवताना

आगळाची बाटली गळते. कितीही घट्ट लावा, गळते. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून टेप, मग बाटली पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, मग खोक्यात जुनं वर्तमानपत्र ठासून. खोका बंद करायच्या आधी आणि नंतर असे दोन फोटो काढा आणि गिऱ्हाइकाला पाठवा, ‘दोनच पाकिटं आली’ वगैरे वाद तिथेच संपतात. राज्यात जवळपास असेल तर बसने पाठवणं परवडतं, बाहेर स्पीड पोस्ट बरं, ट्रॅकिंगचा नंबर शीटच्या शेऱ्यात टाका म्हणजे विचारलं की लगेच देता येतो. पाठवणीचा खर्च वेगळा सांगा, भावात लपवू नका. आणि नेवऱ्या गोव्याबाहेर पाठवू नका, चुरा पोचतो, आम्ही करून बघितलंय.

चवथीच्या ऑर्डरी दहा दिवस आधी बंद करायच्या. बंद म्हणजे बंद. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा अवे मेसेज असतो त्यात लिहून ठेवा, ‘ह्या वर्षीच्या ऑर्डरी भरल्या, आता चवथीनंतर’, म्हणजे आईला प्रत्येकाला नाही म्हणत बसावं लागत नाही, तिला ते जमतही नाही. मग शीट ‘कधी द्यायचं’ ह्या रकान्यावर लावून घ्यायची आणि एक प्रिंट काढून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवायची, डबा गेला की पेनाने टिक. हो, प्रिंट. तेलाच्या हाताने फोनला कोण हात लावणार?

गेल्या वर्षी त्या प्रिंटमध्ये पहिलीच ओळ लाल रंगात होती. मी विचारलं ही का लाल, तर आई म्हणाली फोंड्याच्या मावशी आहेत त्या, सगळ्यांच्या आधी त्यांचा डबा, आणि तू स्वतः नेऊन द्यायचा.